मनीषाची पाटी

सुरतेच्या लिंबायतमधल्या माझ्या दवाखान्यात नवा माणूस आला की त्याची नजर आधी औषधांचं कपाट शोधायची. ते दिसलं नाही की तो खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि विचारायचा, "मॅडम, गोळी देणार का सुई?" दोन्ही नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. मग भिंतीवरच्या काचेच्या चौकटीकडे बोट जायचं. "आणि ते काय, दुकानाचं गुमास्ता लायसन?"

ते माझं नोंदणीपत्र होतं. पण त्या माणसाचंही काही चुकत नव्हतं. साडीच्या दुकानाला परवाना लागतो, रिक्षाला परमिट लागतं, हे त्याला रोज दिसतं. माणसाला बोलायला शिकवण्यासाठीही सरकारदरबारी नाव नोंदवावं लागतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. बोलायला तर आईच शिकवते, त्यात परवानगी कसली?

मी वाचा-उपचार करायचे. लोक मला 'स्पीचवाली मॅडम' म्हणत. वेळेवर न बोलणारी मुलं, अडखळत बोलणारी माणसं, ऐकू कमी येतं म्हणून बोलणं न उमटलेली पोरं, अर्धांगाच्या झटक्यात शब्द हरवून बसलेले कर्ते पुरुष, हे सगळे माझे पेशंट. आणखी एक काम आमच्याकडे असतं, ते ऐकून लोक हसतात: गिळायला शिकवणं. बोलायला जे ओठ, जीभ आणि गळा लागतात, तेच घास उतरवायला लागतात. त्यामुळे झटका आलेल्या माणसाचं बोलणं गेलं की पुष्कळदा गिळणंही बिघडतं, आणि दोन्हीसाठी डॉक्टर आमच्याकडे पाठवतात. हे करायला बारावी सायन्सनंतर चार वर्षं शिकावं लागतं. त्यातलं शेवटचं वर्ष दवाखान्यात, अनुभवी माणसाच्या नजरेखाली पेशंट तपासण्यात जातं. त्यानंतर दिल्लीच्या परिषदेच्या यादीत नाव चढतं, क्रमांक मिळतो, आणि तो मिळाल्यावरच स्वतःची पाटी लावता येते.

मी धुळे जिल्ह्यातली. लग्न होऊन सुरतेत आले तेव्हा या भागात बोलण्याची भाषा कुठली हेच मला आधी शिकावं लागलं. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, बाजारात हिंदी. एकदा एका बाईंनी आपल्या मुलाला आणलं. शाळेने सांगितलं होतं, याला काही समजत नाही, वेगळ्या शाळेत घाला. मुलगा खाली मान घालून बसला होता. मी गुजरातीत विचारलं, हिंदीत विचारलं, तो गप्प. मग मी अहिराणीत म्हटलं, "तुना बाप काय काम करस रे?"

त्याने मान वर केली. "खातामा जास. लूम चलाडस. काल धागा तुटना ना, तं शेठ वरडना." आणि मग खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, धागा कसा तुटला, शेठ कसा ओरडला, बापाने घरी येऊन काय सांगितलं, सगळं साग्रसंगीत ऐकवलं. त्याची आई पदर तोंडाशी धरून रडायला लागली. मुलाच्या डोक्यात काही बिघाड नव्हता. ज्या भाषेत त्याची परीक्षा घेतली ती भाषा त्याला अजून आलीच नव्हती. मी शाळेला तसा रिपोर्ट लिहून दिला, आणि खाली क्रमांक होता म्हणून शाळेला तो मानावा लागला.

हे सगळं सांगितलं ते मनीषाची गोष्ट सांगता यावी म्हणून.

मनीषा लिंबायतचीच. वडील अमळनेरकडून आलेले, लूमवर काम करणारे. ती बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिचं लग्न लागलं. नवरा किशोर रिक्षा चालवायचा. पहिली मुलगी गौरी. गौरीला ऐकू येत नाही हे ती दोन वर्षांची होत आली तेव्हा कळलं. कानाचं मशीन बसवल्यावर त्या मायलेकी माझ्याकडे यायला लागल्या.

लहान मुलांच्या उपचारात आईला आत बसवावंच लागतं, कारण मूल माझ्याकडे आठवड्यातून थोडा वेळ असतं, बाकी सगळा वेळ आईकडे. बहुतेक आया दमलेल्या असत. बसल्या बसल्या एखादीचा डोळा लागायचा. मनीषाचं लक्ष मात्र माझ्या हातांवर, ओठांवर असायचं. पुढच्या खेपेला येताना ती घरून काहीतरी नवीन करून आणायची. एकदा तिने साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांची चित्रं कापून आणली: लूम, रिक्षा, केळेवाला, मशीन लावलेली मुलगी. बाजारात मिळणाऱ्या चित्रांत सफरचंद आणि झेब्रा असायचा. गौरीने झेब्रा कुठे बघितला होता? ती चित्रं मी पुढे कितीतरी मुलांसाठी वापरली.

गौरी बोलायला लागली, साध्या शाळेत जायला लागली, आणि त्यांचं माझ्याकडे येणं कमी झालं. मनीषा एका कानाच्या मशीनच्या दुकानात नोकरीला लागल्याचं कानावर आलं. त्यानंतर काही वर्षं भेट नाही.

मग एक दिवस एका हॉस्पिटलमधून मला बोलावणं आलं. झटका आलेला पेशंट होता, छातीत पाणी गेल्यामुळे न्यूमोनिया झाला होता. गिळणं तपासायचं होतं.

पेशंटचं नाव भास्करभाऊ. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या एका कारखान्यात लूमवर मास्तर, म्हणजे मशीन बिघडलं की दुरुस्त करणारे. धिप्पाड माणूस, पण उजवी बाजू लुळी पडलेली आणि तोंडातून फक्त दोन शब्द येत: "बंद कर." मास्तरांनी आयुष्यभर खात्यात लूमच्या गोंगाटात जे सर्वांत जास्त ओरडून सांगितलं असेल तेच तेवढं शिल्लक राहिलं होतं. असं होतं. बाकी सगळी भाषा जाते आणि सवयीचं एखादं वाक्य, कधी एखादी शिवी मागे उरते. सलाईन टोचलं की "बंद कर." मुलगा पाय चेपायला लागला, बरं वाटलं, की तेही "बंद कर." आवाजाच्या चढउतारावरून अर्थ लावायचा.

त्यांच्या पत्नी इंदूबाई पायथ्याशी बसल्या होत्या. मी विचारलं, "पहिल्या हॉस्पिटलातून घरी सोडलं तेव्हा नाकात नळी होती ना? मग तोंडाने पाणी कसं सुरू केलं?"

मुलगा नीलेश पुढे आला. "नळी त्यांनी स्वतःच उपसून काढली, मॅडम. डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्पीचवाल्यांना दाखवा. पर्वत पाटिया भागात एक सेंटर आहे, तिथं नेलं. त्या मॅडमनी चमच्याने पाणी पाजून बघितलं आणि सांगितलं की छान उतरतंय, नळी परत घालायची गरज नाही. चहापण द्या म्हणाल्या. चार-पाच दिवसांत ताप भरला."

"कोण मॅडम?"

"मनीषाबेन म्हणून आहेत."

इंदूबाई म्हणाल्या, "आमनी लिंबायतनीच पोर शे. मन लावीसन दखं तिनी."

मी भास्करभाऊंना तपासलं, नळीशिवाय काहीही द्यायचं नाही असं लिहून ठेवलं आणि संध्याकाळी पर्वत पाटियाला गेले.

साड्यांच्या घड्या घालणाऱ्या एका कारखान्याच्या वर मनीषाची खोली होती. दाराशी गुजरातीत मोठी पाटी होती, 'स्पीच थेरपी सेंटर', आणि खाली तिचं नाव. आत तिच्यासमोर एक चिमुरडी बसली होती. मनीषाने कागदाची पट्टी स्वतःच्या ओठांपुढे धरली आणि "पा" म्हटलं. पट्टी हलली. मग ती मुलीच्या ओठांपुढे धरली. मुलगी नुसतीच बघत राहिली. मनीषा घाई न करता थांबली. पुन्हा स्वतः करून दाखवलं, पुन्हा थांबली. शेवटी पट्टी हलली आणि ती पोरगी स्वतःवरच खूश होऊन टाळ्या पिटायला लागली. हे थांबणं शिकवून येत नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या, पदवी मिळवलेल्या काही मुलींना ते शेवटपर्यंत जमलं नव्हतं.

मला बघून मनीषाचा चेहरा फुलला. मुलीला आईकडे देऊन ती पाया पडायला वाकली. मी तिला मध्येच धरलं.

"भास्करभाऊंना पाणी द्यायला तू सांगितलंस?"

"हो, मॅडम. मी समोर बसून दिलं. चमच्या-चमच्यानं. एकदाही ठसका लागला नाही. काय झालं?"

"ते हॉस्पिटलमध्ये आहेत. पाणी छातीत गेलं."

"पण ठसका लागलाच नाही, मॅडम. मी नीट लक्ष ठेवून होते."

"माहीत आहे मला. झटक्यानंतर काहींचा गळा आतून बधिर होतो. पाणी श्वासनळीत जातं आणि त्या माणसाला कळतसुद्धा नाही. तुला-मला ठसका लागतो म्हणून आपण वाचतो. त्याला लागतच नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय छान पितोय."

"मग कळणार कसं?"

"मानेवर बोटं ठेवून गळा कसा वर उचलला जातो ते बघावं लागतं. घोट घेतल्यावर आवाज ओला येतो का ऐकावं लागतं. तरी शंका राहिली तर एक्स-रेच्या पडद्यावर घास कुठून जातो ते बघावं लागतं. आणि पाण्यापासून सुरुवात करायचीच नसते, मनीषा. पाणी सर्वांत पळपुटं. ते आवरण्याआधीच गळ्यात पोचतं. घट्ट दही त्याहून सोपं."

ती खाली बसली. मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीतच.

"तुझ्या जागी कुणालाही तसंच वाटलं असतं," मी म्हटलं. "न शिकलेल्या माणसाला जे सहज वाटतं तेच इथे धोक्याचं असतं. म्हणून ही चार वर्षं आणि ती नोंदणी. ही पाटी आज काढ. नाही काढलीस तर मला वर कळवावं लागेल."

मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, चिडली. "आणि ही पोरं? मॅडम, तुमच्याकडे नंबर लागेपर्यंत पोरगं शाळेच्या वयाचं होतं. नदीपलीकडे मोठे सेंटर आहेत, तिथली फी या लोकांना जमत नाही. मी पाटी लावायच्या आधीच बाया माझ्या घरी येत होत्या. गौरीला कसं शिकवलंस, आमच्या पोरालाही शिकव म्हणत होत्या. मी त्यांना काय सांगायचं होतं? घरी बसा?"

कायदा बरोबर आहे, पण तो पाळून काम करणारी माणसं या वस्त्यांपर्यंत पोचतात किती? शिकलेल्या मुली परदेशी जातात, नाहीतर चकचकीत भागात सेंटर काढतात. त्यांनाही दोष देता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "मुलांचं बघू काहीतरी. पण भास्करभाऊ गेले असते तर तू काय सांगितलं असतंस?"

मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलमध्ये भास्करभाऊंजवळ उभी होते, तेवढ्यात दारात मनीषा दिसली. तिला यायला मी सांगितलं नव्हतं. ती सरळ इंदूबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"मामी, पानी पाजाले मीच सांगं व्हतं. त्यामुळेच हाई व्हयनं. मना चुकनं."

नीलेश ताडकन उठला. "लाज वाटत नाही इथं यायला? पोलिसात देतो तुला. ते सेंटर फोडून टाकतो."

"खाली बस," इंदूबाई त्याला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तो बसला. मग त्यांनी मनीषाकडे बघितलं. "तुले ठाऊक नव्हतं का, पानी असं जास म्हनीसन?"

"नव्हतं, मामी."

"ठाऊक नव्हतं, तं सांगं कसाले?"

नीलेशच्या ओरडण्याला मनीषाने कदाचित उत्तर दिलं असतं. या प्रश्नाने मात्र तिला रडू कोसळलं. भास्करभाऊ खाटेवरून सगळं बघत होते. ते अस्वस्थ होऊन डाव्या हाताने खाट आपटायला लागले. "बंद कर! बंद कर!" कुणाला उद्देशून, रडणाऱ्या मनीषाला की ओरडणाऱ्या मुलाला, कळायला मार्ग नव्हता. इंदूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि मनीषाला म्हणाल्या, "जाय आते. घर जाय."

नीलेशने मला बाहेर गाठलं. तक्रार करायची तर कुठे करायची, मी साक्ष देईन का, असं त्याने विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं: पोलीस, परिषद, काय लिहायचं. साक्ष देईन असंही सांगितलं, कारण जे झालं ते झालं होतं. तो आईला विचारायला आत गेला. इंदूबाई म्हणाल्या, "पहिले मना मानूस घर येऊ दे. मंग दखसूत."

पुढे त्या कुटुंबाने तक्रार केली नाही. ते बरोबर झालं की नाही हे मला अजून ठरवता येत नाही. भास्करभाऊ गेले असते तर मात्र मी कुणाची वाट न बघता स्वतः लिहिलं असतं, एवढं नक्की.

पाटी त्याच संध्याकाळी उतरली. किशोरने रिक्षा उभी करून, शिडी लावून ती काढली, असं त्या घडीवाल्या कारखान्यातल्या बायकांनी मला नंतर सांगितलं.

भास्करभाऊंना बरं व्हायला वेळ लागला. ताप उतरल्यावर आम्ही घट्ट दह्यापासून सुरुवात केली. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, एक घास गेला की पुन्हा कोरडं गिळायचं, मग पुढचा घास. मोठ्या माणसाला हे शिकणं अपमानाचं वाटतं. ते चमचा ढकलून द्यायचे. इंदूबाई शांतपणे चमचा भरून परत धरायच्या. एक्स-रेवर घास नीट जातोय हे दिसल्यावर नळी निघाली, आणि इंदूबाईंनी मला विचारलं, "आते वरण-बट्टी देऊ का?" बट्टी कोरडी, भुगा होणारी, या पेशंटला नकोच. मी म्हटलं, बट्टी वरणात पूर्ण विरघळू द्या, खळीसारखी करा, वरून तूप घाला. त्यांनी तशी केली. पहिला घास उतरल्यावर भास्करभाऊ डोळे मिटून बसले आणि हळूच म्हणाले, "बंद कर." इतक्या लाडाने ते शब्द मी कधी ऐकले नव्हते.

मनीषाची पोरं मात्र माझ्या अंगावर आली. त्यांचे आईबाप माझ्या जिन्यात उभे. एक बाप म्हणाला, "तुम्ही तिचं बंद केलंत, आता आमचं तुम्ही बघा." मी माझी दुपारची विश्रांती सोडली, रविवार सोडला, जमतील तेवढी मुलं घेतली. तरी सगळी मावली नाहीत. काही यायचीच थांबली. त्यांचं पुढे काय झालं कोण जाणे.

त्या दिवसांत मनीषा एकदा आली. "मॅडम, मला तुमच्या हाताखाली घ्या. पाटी तुमची, नाव तुमचं. मी फक्त मुलांना बघते."

"नाही," मी म्हटलं. "खेळणी आवरायला ये, आयांना चहा द्यायला ये. उपचाराला नाही. तुला त्या खुर्चीत बसवलं तर भिंतीवरचा माझा कागद खोटा होतो."

तिला ते लागलं. बऱ्याच महिन्यांत ती फिरकली नाही. मला वाटलं, संपलं. मग एक दिवस ती आणि किशोर दोघं आले. तिच्या हातात पदवी कॉलेजचं माहितीपत्रक होतं.

किशोर म्हणाला, "मॅडम, हिला चार वर्षांहून कमी असा काही कोर्स नाही का?"

"आहे. एक वर्षाची पदविका आहे. पण मग मदतनीस म्हणून दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. निदान करता येत नाही."

"नको," मनीषा म्हणाली. "पूर्णच करते."

किशोरने माझ्याकडे बघून हात पसरले. "ऐकलंत? घरीपण हेच."

पहिल्या वर्षी ती प्रवेश परीक्षेत आपटली. फिजिक्स विसरली होती. दुसऱ्या वर्षी लागली, पण दुसऱ्या शहरात. गौरीला सासूकडे ठेवून ती होस्टेलला राहायला गेली. वर्गातल्या मुली तिला 'आंटी' म्हणायच्या. सुट्टीला घरी आली की गौरी तिच्याशी पहिला दिवस बोलायचीच नाही, रुसलेली असायची. ज्या मुलीला बोलतं करण्यात आईने सगळा जीव ओतला होता, तीच आईपुढे मुद्दाम गप्प बसायची. मनीषाने मला हे हसत सांगितलं, पण फोन लवकर ठेवला.

एकदा तिचा फोन आला तो भलताच. शरीररचनेचं शिकून आली होती. "मॅडम, गळ्यात एवढ्या नसा असतात? हे आधी कळलं असतं तर मी चमचा हातात धरायची हिंमत केली नसती."

शेवटचं वर्ष तिने मोठ्या दवाखान्यात काढलं. तिथे रोज झटक्याचे पेशंट. पहिल्या पेशंटच्या मानेवर तिने इतक्या वेळा बोटं ठेवून बघितली की तिच्या वरिष्ठांनी विचारलं, घाबरतेस कशाला? ती म्हणाली, मला घाबरायचं कारण माहीत आहे. पुढे तिला क्रमांक मिळाला. तो तिने मला फोनवर वाचून दाखवला, एकेक आकडा सुटा, आणि मी तो विनाकारण कागदावर लिहून घेतला.

मी दमले होते. यजमान निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे जिना चढू देत नव्हते. दवाखाना मनीषाकडे द्यायचा ठरवला. हे पेशंटना सांगायला लागले तेव्हा इंदूबाईंना सांगणं मला अवघड गेलं. भास्करभाऊ अजून महिन्यातून एकदा येत. 'बंद कर'च्या जोडीला बायकोचं नाव, 'चहा', 'खातं', 'नीलेश' असे थोडे शब्द जमले होते.

"मंग यासले आते कोन शिकाडी?" इंदूबाईंनी विचारलं.

"मनीषा. ती शिकून आली."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिनी सासू सांगे, पोर पुरी वाळी गयी म्हने शिकता शिकता." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "काय हो, मनीषाकडे यासूत का?"

भास्करभाऊंनी डावा हात उचलला, विचार केला, आणि म्हणाले, "चहा." आम्ही दोघी हसलो. पुढच्या महिन्यात ते मनीषाकडे आले. ती दारात उभी होती. इंदूबाईंनी तिच्या हातात डबा दिला आणि म्हणाल्या, "यासनी मान आज जरा दुखस. आधी ती दख."

आमच्या व्यवसायात नोंदणी एकदा झाली की जन्मभर पुरत नाही. ठरावीक वर्षांनी नवं शिकल्याचे दाखले देऊन ती ताजी करावी लागते. न केली तर क्रमांक थांबतो, मग केस कितीही पांढरे असोत. गेल्या वर्षी माझी मुदत आली. मी ती जाऊ दिली. माझा मुलगा म्हणाला, ताजी करून ठेव, पडून राहील. पण काम करायचं नाही तर नुसता क्रमांक कशाला अडवायचा?

त्यानंतर काही महिन्यांनी मी सहज दवाखान्यात डोकावले. मनीषा आत एका मुलाला तपासत होती. मी सवयीने आत जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या मुलाच्या आईकडे. उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, यांना मी विचारलेलं नाही. बाहेरचं कुणी आत बसलेलं चालेल का म्हणून. तुम्ही जरा बाहेर बसता?"

ती लाजेने लाल झाली होती, पण दार धरून उभी होती.

मी बाहेर आले. बाकावर एक म्हाताऱ्या बाई लहान नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सरकून त्यांनी मला जागा दिली.

"मनी नात शे," त्या आपणहून म्हणाल्या. "तीन वरीसनी व्हयनी, पन माय सुद्धा म्हनत नई. तुम्ही शिकेल दिसतस. काय व्हयनं व्हई तिले?"

पोरगी माझ्या बांगड्यांशी खेळायला लागली. नावाने हाक मारली तर वळते का, हवं ते बोटाने दाखवते का, कान कधी वाहिला होता का... प्रश्न ओठांशी रांग लावून उभे होते. मी हात तसाच राहू दिला, तिला खेळू दिलं.

"माले नई सांगता येवाव," मी आतल्या बंद दाराकडे बोट करत म्हटलं. "मझार बाई शेतस ना, त्या दखीसन सांगतीन."

दार उघडलं. मनीषाने नातीचं नाव पुकारलं. आजीबाई तिला कडेवर घेऊन गडबडीने उठल्या, हातातली पिशवी कुठे ठेवावी ते त्यांना समजेना.

"द्या इकडे," मी म्हटलं, आणि त्या बाहेर येईपर्यंत पिशवी सांभाळत बसले.